मांजराची हिरडी पांढरी दिसली तर काय करायचं

नागपुरात पाऊस सुरू झाला की गोचिडी न् पिसवा सगळीकडे होतात आणि मांजराच्या रक्तातले आजारही तेव्हाच डोकं वर काढतात. मागच्या ऑगस्टमध्ये आमची सोनी कुंडीतली माती चाटायला लागली, आम्हाला वाटलं पोट बिघडलं असेल म्हणून चार दिवस नुसतं बघत बसलो, पाचव्या दिवशी ओठ वर करून पाहिला तर हिरडी वहीच्या कागदासारखी पांढरी!

तर पहिलं काम हेच, आठवड्यातून एकदा तरी उजेडात नेऊन हिरडी बघा. गुलाबी हवी, अंगातलं रक्त कमी झालं की ती फिकी पडते. फिकी किंवा पिवळसर दिसली, ताप असला (१०२.५ फॅरनहाइटच्या वर), माती नाहीतर भिंत चाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि आधी घरचं अँटिबायोटिक देऊ नका कारण मग तपासणीत जंतू सापडतच नाही. ताज्या रक्ताचा स्मिअर करा असं स्वतःहून सांगा. सोनीच्या कानाच्या कडेला सुई टोचून एक थेंब काचेवर पसरवला, मायक्रोस्कोपमध्ये मला दाखवलं, तांबड्या पेशींच्या कडेला बारीक जांभळे ठिपके, खसखस चिकटल्यासारखे. मायकोप्लाझ्मा हीमोफेलिस. खरं तर हा बॅक्टेरिया, पण पेशीला चिकटून जगतो म्हणून लोक त्यालाही रक्तातला परजीवीच म्हणतात. हा स्मिअरमध्ये एक दिवस दिसतो, दुसऱ्या दिवशी गायब, म्हणून निगेटिव्ह आला तरी शंका असेल तर पीसीआर (रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करून घ्या. सोय कुठे नसेल तर नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये विचारा.

औषध सहसा डॉक्सिसायक्लिन, तीन-चार आठवडे, मध्ये बंद करायचं नाही. गोळी कोरडी देऊ नका, अन्ननलिकेत अडकून जखम होते, लगेच मागून सिरिंजने ५-६ मिली पाणी पाजा.

गोचीड चिमट्याने कातडीजवळ पकडून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. आणि कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजराला चुकूनही नको, जीव जातो, पॅरासिटामॉलचंही तेच.

घरचं मांजर म्हणून हलक्यात घेऊ नका हो, मोठ्या मांजरांनाही रक्तातले परजीवी सोडत नाहीत. २००० साली ओडिशातल्या नंदनकाननमध्ये १२ वाघ सर्राने गेले, आपल्या गुराढोरांना होतो तोच सर्रा, गोमाशी चावून पसरणारा.

बरं झालेलं मांजरही जंतू अंगात ठेवून राहू शकतं, म्हणून त्याचं रक्त दुसऱ्या मांजराला देऊ नका आणि पुन्हा कधी हिरडी फिकी दिसली तर जुना रिपोर्ट सोबत न्या. सोनीचा मी फ्रिजवर चिकटवून ठेवलाय.