सुतळीवर टांगलेली वाफ: विषयाच्या फोटोस्पर्धेत एकमेकांशी बोलायचं कसं

कोल्हापुरातल्या आमच्या गटात चौदा जण आहेत. मी पतसंस्थेत कॅशियर. दोघं उद्यमनगरात लेथवर, एक निवृत्त चित्रकलेचे सर, एक दातांच्या डॉक्टर, बाकी कॉलेजची पोरं-पोरी. फोटोवर कुणाचंच पोट नाही. दर महिन्याला एक विषय ठरतो आणि त्यावर प्रत्येकानं एकच फोटो द्यायचा, आठ बाय सहाचा प्रिंट काढून. तिसऱ्या रविवारी सकाळी शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर सुतळी बांधतो, कपड्यांच्या चिमट्यांनी प्रिंट टांगतो आणि खाली सतरंजीवर बसतो. पहिला नंबर काढायला पाच मिनिटं पुरतात. त्याआधीचं बोलणं दोन तास चालतं, आणि पुढच्या महिन्याचा फोटो सुधारतो तो त्या दोन तासांमुळं. हे बोलणं नीट जमायला आम्हाला चार वर्षं लागली. तुम्ही असा गट सुरू करणार असाल तर तुमची तेवढी वर्षं जाऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहिते.

जानेवारीचा विषय होता ‘वाफ’. त्याच महिन्याचं उदाहरण घेते.

विषय जाहीर करताना त्यात काय बसतं आणि काय नाही, हे त्याच दिवशी ठरवून टाका. आम्ही ठरवलं: धूर चालणार नाही, धुकं चालणार नाही, पण थंडीत पहाटे पंचगंगेच्या पाण्यावरून उठते ती चालेल. यावर बराच वाद झाला. शास्त्रानं पाहिलं तर खरी वाफ डोळ्याला दिसतच नाही. दिसतात ते थंड हवेत निवून झालेले पाण्याचे बारीक थेंब, आणि धुकं म्हणजेही तेच. पण स्पर्धेला शास्त्रापेक्षा सोपी कसोटी लागते. फोटोखाली एक अक्षरही न लिहिता बघणाऱ्याला विषय कळला पाहिजे. बस्स.

आता मांडणी. प्रिंटवर पुढं नाव नको. मागं चिकटपट्टी लावून त्यावर लिहा. मतांच्या चिठ्ठ्या बोलणं सुरू व्हायच्या आधी डब्यात टाका आणि मोजा सगळ्यांत शेवटी. आम्ही आधी उलटं करत होतो. मग ज्याला चांगलं बोलता येतं त्याच्या बाजूनं मतं फिरायची आणि मुकाट बसणाऱ्याचा चांगला फोटो मागं राहायचा. मोबाइलवर फोटो फिरवू नका. बोटानं मोठा करून कोपरे तपासत बसलं की अख्खा फोटो कुणी बघतच नाही. आठ बाय सहाचा प्रिंट स्वस्तात निघतो, आणि हात लांब करून धरला की एका नजरेत मावतो.

बोलण्याचा पहिला नियम: एक मिनिट गप्प बसायचं. दुसरा: ‘छान’, ‘मस्त’, ‘नाद खुळा’ हे शब्द बंद. कौतुक वाईट म्हणून नव्हे, तर त्यातून ऐकणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही म्हणून. त्याऐवजी प्रत्येकानं एवढंच सांगायचं की माझी नजर आधी कुठं गेली, मग कुठं गेली आणि कुठं अडली. हे सांगायला फोटोग्राफी यावी लागत नाही. माझी आई कधीतरी चहा घेऊन वर येते आणि तीही सांगते. फोटो ज्याचा असेल त्यानं तोवर ओठ मिटून बसायचं. ‘तिथं जागाच नव्हती’, ‘बॅटरी संपत आली होती’ असं मध्येच सुरू झालं की ऐकणारे वरमतात आणि खरं सांगायचं सोडून देतात.

माझाच अनुभव सांगते. ‘वाफ’साठी मी वडणग्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळात गेले होते. ते आमच्या मामांच्या ओळखीचं. फोटोत मधोमध काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, त्यावर पांढरी वाफ, पलीकडं उभा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, वर कौलांतून आलेली उन्हाची तिरीप. मला वाटलं, नंबर माझाच. नऊ जण बोलले. नऊही जणांची नजर पहिल्यांदा गेली डाव्या कडेच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपावर. ते पिंप मी काढताना पाहिलंच नव्हतं. प्रिंट आणला, सुतळीला लावला, तरी दिसलं नव्हतं. सरांनी उठून लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे दोन काटकोन घेतले आणि प्रिंटवर सरकवत सरकवत डावीकडची तीन बोटं झाकली. पिंप गेलं आणि गुळव्याचा हात एकदम पुढं आला. काहीच न बोलता त्यांनी काटकोन खाली ठेवले.

हे काटकोन प्रत्येक गटानं करून ठेवावेत. जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्यातून इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे दोन तुकडे, प्रत्येक भुजा साधारण वीतभर. दोन्ही मिळून एक चौकट होते आणि ती हवी तशी लहान-मोठी करता येते. ‘फ्रेम सैल आहे’ असं दहा वेळा ऐकून जे कळत नाही, ते काटकोन सरकताना बघितलं की कळतं.

सगळ्यांचं सांगून झालं की मग फोटोवाल्याला एकच प्रश्न: तुला काय दाखवायचं होतं? दाखवायचं होतं ते आणि लोकांना दिसलं ते, या दोहोंमध्ये जेवढं अंतर, तेवढ्याचीच चर्चा करायची. आणि सूचना द्यायची ती अशी, की त्याच जागी पुन्हा गेल्यावर अमलात आणता येईल. लेथवाल्या आमच्या दादांचा फोटो टपरीवरच्या चहाचा होता. ग्लास होता, हात होता, वाफ मात्र दिसतच नव्हती. ‘बॅकग्राउंड चुकलं’ म्हणून भागलं असतं, पण कॉलेजच्या एका पोरीनं विचारलं, “दादा, टपरीच्या शेजारच्या दुकानाचं दार कसल्या रंगाचं?” दार काळपट हिरवं होतं. मग ती म्हणाली, “दोन पावलं उजवीकडं सरकला असता तर पांढऱ्या भिंतीच्या जागी ते दार आलं असतं.” दादा त्याच संध्याकाळी गेले. वाफ दिसली.

लेन्स, कॅमेरा, किंमत हे विषय शेवटी. खरं तर काढूच नका. चौदापैकी सहा जण मोबाइलवाले आहेत.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी ‘पाऊस’ हा विषय होता आणि एका पोरानं उंबऱ्याबाहेर उलट्या करून वाळत ठेवलेल्या भिजक्या कोल्हापुरी चपलांचा फोटो आणला. मी पटकन म्हणाले, “हे तर रोजचंच आहे की.” तो पाच महिने आला नाही. पुढं कळलं, त्या चपला त्याच्या आजोबांच्या होत्या, आणि त्या पावसाळ्यानंतर त्या घालायला आजोबा नव्हते. फोटोत हे कुठंच नव्हतं, मला ते कळणं शक्य नव्हतं. पण मी विचारू शकले असते. म्हणून आता फोटोतली उणीव सांगायच्या आधी ‘हा का काढलास?’ हे विचारल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. तो परत आला तो सरांनी दोनदा त्याच्या घरी जाऊन आणला म्हणून.

आता वाफेच्या तंत्राकडं येते, कारण त्या रविवारी आम्ही सगळ्यांत जास्त शिकलो ते इथं.

वाफेवर कॅमेऱ्याच्या बाजूनं उजेड पडला की ती विरते. वाफेच्या मागून किंवा मागच्या तिरक्या बाजूनं पडला की ती पेटल्यासारखी उठून दिसते, आणि त्यातही तिच्या मागं काळोख हवा. डॉक्टरबाईंनी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथं म्हशीची धार समोरच काढतात, पहाटे धारोष्ण दुधाच्या ग्लासाचा फोटो काढला होता, पण फ्लॅश मारून. कॅमेऱ्याकडच्या उजेडानं सगळं सपाट झालं. तिथला पिवळा बल्ब ग्लासाच्या बरोबर मागं येईल असं उभं राहायला हवं होतं, म्हणजे बल्ब ग्लासाआड लपतो आणि वाफेच्या कडा सोनेरी होतात. फ्लॅश बंदच ठेवा. म्हशीही बुजतात.

मागं काळोख असला की कॅमेरा फसतो. एवढा अंधार बघून तो फोटो उजळ करायला जातो आणि वाफ जळून पांढरा ठिपका होते. म्हणून एक्स्पोजर एक घर खाली, उणे एकवर ठेवा. मोबाइलवर वाफेच्या सगळ्यांत उजळ भागावर बोट दाबून धरा, लॉक झाल्याचं दिसलं की शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. शटर १/२५० सेकंदापेक्षा जलद ठेवलं तर वाफेचे पीळ आणि वेटोळी दिसतात. १/१५ ला उतरलात तर ती मऊ दुलईसारखी होते, पण मग कोपर कशाला तरी टेकवा. मला पीळ आवडतात. सरांना दुलई. यावर आमचं कधीच एकमत होणार नाही.

गुऱ्हाळात आणखी दोन अडचणी. बाहेरच्या थंडीतून आत गेलं की लेन्सवर दव धरतं. पुसू नका, पुन्हा धरतं. कॅमेरा पिशवीतच ठेवून पंधरा-वीस मिनिटं आत बसा, तोवर लोकांशी बोला, रस प्या. दुसरं, वाफेवर ऑटोफोकस पुढं-मागं धावत राहतो, त्याला धरायला काही सापडतच नाही. काहिलीच्या काठावर किंवा गुळव्याच्या मनगटावर फोकस धरा आणि मग मॅन्युअलवर टाका. आणि काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी, जिथं पिळलेल्या उसाची चिपाडं जाळायला टाकतात, तिथं उभे राहू नका. काम करणाऱ्याच्या वाटेत आपण यायचं नाही, उकळत्या रसाजवळ तर अजिबात नाही.

उजेडाची वेळ लिहून ठेवायची सवय लावा. कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको. अंबाबाईच्या किरणोत्सवाचे मुख्य दिवस ठरलेले आहेत: ९, १० आणि ११ नोव्हेंबर, मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि तीन दिवसांत देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतं. दोन्ही तारखा २२ डिसेंबरपासून, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसापासून, दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच अंतरावर आहेत, एकेचाळीस-बेचाळीस दिवस. म्हणून सूर्य दोन्ही वेळेला मावळतीला त्याच जागी येतो. हाच हिशेब तुमच्या गल्लीला, तुमच्या खिडकीला, गुऱ्हाळाच्या दारालाही लागू आहे. नोव्हेंबरात एखादी तिरीप हुकली तर २२ डिसेंबरपर्यंतचे दिवस मोजा आणि तेवढेच पुढं जा; ती पुन्हा येणार. माझ्या वहीत अशा अकरा जागा आहेत, तारीख आणि वेळेसकट.

स्पर्धेनंतर आठवड्यानं फोटोच्या जागी पुन्हा जायचं, हा आमचा अलीकडचा नियम आणि सगळ्यांत उपयोगाचा. नंबर आला असो वा नसो, ऐकलेली एक सूचना घेऊन त्याच जागी जायचं आणि दोन्ही प्रिंट पुढच्या वेळी शेजारी शेजारी टांगायचे. मी गेले. गुऱ्हाळातलं पिंप हलवायला सांगितलं नाही. मीच दारापासून चार पावलं आत, पश्चिमेकडं तोंड करून उभी राहिले. पिंप पाठीमागं गेलं, ऊन वाफेच्या मागून आलं. शटर १/३२०. या वेळी चौकटीत फक्त काहिलीचा काठ, रस ढवळणारा हात आणि वाफ.

जाताना मी पहिला प्रिंट सोबत नेला होता. ज्याचा फोटो काढला त्याला प्रिंट द्यायचाच, हे आमच्याकडं न लिहिता पाळलं जातं. गुळव्या मामांनी हात धोतराला पुसले, प्रिंट उजेडाकडं धरला आणि बराच वेळ बघितला. मला वाटलं, स्वतःचा चेहरा बघतायत.

“ताई, वाफ झ्याक काढलीसा,” ते म्हणाले, “पर ह्यात रस अजून कच्चा हाय. बुडबुडं बघा की, कसं बारीक हायत. लई पाणी हाय अजून.”

“मग कधी यायचं मामा?”

“गुळाची गोळी व्हायच्या टायमाला. पाण्यात टाकून बघतोय न्हवं आमी, तवा. वाफ कमी असतीया, पर रंग बघा तवाचा. आज चारच्या सुमाराला उतरंल ही काहील.”

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी मेमरी कार्ड रिकामं केलं आणि चिपाडांच्या ढिगाशेजारी बसून राहिले.