‘रन’ वापरताना या चुका टाळा: मोटर, नाक, रंग आणि सरपंचपद

दहावी-बारावीचा पेपर असो, पोलीस भरती असो की बँकेची मुलाखत, आपल्या खेड्यापाड्यातली मुलं इंग्रजीत जिथे अडतात तो शब्द बहुतेक वेळा अवघड नसतो. अवघड शब्द त्यांनी पाठ केलेले असतात. अडवतात ते दुसरी-तिसरीत शिकलेले शब्द: गेट, टेक, सेट, रन. ‘रन म्हणजे धावणे’ असं एकदा वहीत लिहिलं की त्या शब्दाकडे पुन्हा कोणी बघत नाही. मग उताऱ्यात ‘द वेल हॅज रन ड्राय’ आलं की विहीर धावली कशी, या विचारात वेळही जातो आणि मार्कही जातात.

यात मुलांना दोष देता येत नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद तयार केली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ भरले आणि त्या एका शब्दाला त्यांचे 9 महिने लागले. 1989 च्या आवृत्तीत सर्वात लांब नोंद ‘सेट’ची होती, ‘रन’ने तिला मागे टाकलं. एवढे अर्थ कोणी पाठ करत नाही, इंग्रजही नाही. पण रोजच्या वापरात लागणारे वीस-पंचवीस नीट कळले तर पुष्कळ काम भागतं, आणि त्यातल्या नेहमीच्या चुका मोजक्याच आहेत.

आधी एवढं धरून चला की ‘रन’चा गाभा ‘न अडता पुढे जात राहणं’ हा आहे. पाय धावतात, पाणी वाहतं, यंत्र चालतं, रस्ता गावातून जातो, दुकान चालतं. मराठीत ही कामं चालणे, वाहणे, जाणे यांनी वाटून घेतली आहेत. इंग्रजीत ती एकट्या ‘रन’कडे आहेत. तसं पाहिलं तर आपणही रेल्वेला पाय नसताना ‘गाडी धावते’ म्हणतोच. विदर्भातल्या जुन्या शकुंतला रेल्वेगाडीबद्दलचं ‘शकुंतला युज्ड टू रन बिटवीन यवतमाळ अँड मूर्तिजापूर’ हे वाक्य आपल्या कोणत्याही मुलाला लगेच कळतं. तिथे कळतं, मग विहिरीपाशीच का अडावं?

‘चालू’ दिसलं की ‘रनिंग’ लिहिणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. आपल्याकडे ‘चालू’ हा शब्द सगळ्याला लागतो. लाईट चालू, कूलर चालू, दुकान चालू, शाळा चालू, रस्ता चालू, पाऊस चालू. मुलं यातल्या प्रत्येकाला ‘रनिंग’ लावतात.

कूलर, मोटर, चक्की, ट्रॅक्टरचं इंजिन यांच्या आत काहीतरी फिरतं, म्हणून ‘द कूलर इज रनिंग’ बरोबर. बल्बमध्ये काही फिरत नाही. ‘द लाईट इज ऑन’ म्हणा. पावसाचं ‘इट इज रेनिंग’. रस्ता खुला असेल तर ‘ओपन’, रस्त्याचं काम चालू असेल तर ‘द वर्क इज गोइंग ऑन’.

दुकानाचं मात्र नीट लक्षात घ्या. ‘दुकान चालू आहे का?’ असं विचारताना आपल्याला ‘शटर वर आहे का’ एवढंच विचारायचं असतं. त्याला ‘इज द शॉप ओपन?’ म्हणतात. ‘हाऊ इज द शॉप रनिंग?’ विचारलं तर समोरचा धंदा कसा आहे ते सांगू लागेल. आणि ‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे ती दुकान चालवते, कारभार तिच्या हातात आहे. बचत गटाची अध्यक्ष असलेल्या बाईबद्दल लिहायचं तर ‘शी रन्स अ सेल्फ-हेल्प ग्रुप’ हे फार नेटकं वाक्य आहे. मुलं तिथे ‘शी इज रनिंग ऑफ सेल्फ-हेल्प ग्रुप’ लिहितात. यंत्र असो की संस्था, ‘चालवणे’ या अर्थी ‘रन’नंतर मध्ये ‘ऑफ’सारखा कोणताही छोटा शब्द येत नाही.

याच चुकीची भावंडं म्हणजे ‘आय अ‍ॅम रनिंग इन टेन्थ’ आणि ‘आय अ‍ॅम रनिंग सिक्स्टीन’. मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला ही वाक्यं येतात. आपण ‘सोळावं चालू आहे’ म्हणतो म्हणून तसं होतं. ‘आय अ‍ॅम इन टेन्थ’ आणि ‘आय अ‍ॅम फिफ्टीन’ म्हणा. सोळावं चालू म्हणजे पंधरा पूर्ण, हा हिशेबही तिथेच करून टाका.

डिझेल, पाणी आणि ‘रन आउट’

क्रिकेटमुळे ‘रन आउट’ आपल्या पोरांच्या तोंडात बसलेला आहे, आणि नेमकं त्यामुळेच घोळ होतो. ही तीन वाक्यं शेजारी ठेवून वाचा.

‘ही वॉज रन आउट’: तो धावबाद झाला.
‘ही रॅन आउट’: तो धावत बाहेर गेला.
‘ही रॅन आउट ऑफ डिझेल’: त्याच्याजवळचं डिझेल संपलं.

एक ‘वॉज’ गाळला तर बाद झालेला फलंदाज घराबाहेर पळायला लागतो. आणि ‘ऑफ’ गाळला तर तिसऱ्या वाक्याचं व्याकरणच मोडतं.

संपण्याचे दोन साचे आहेत. माणूस आधी आला तर ‘ऑफ’ हवाच: ‘वी हॅव रन आउट ऑफ डिझेल’. वस्तू आधी आली तर ‘ऑफ’ नको: ‘डिझेल हॅज रन आउट’. दोन्ही साचे मिसळले की ‘डिझेल इज रन आउट ऑफ’ असं काहीतरी तयार होतं. उत्तरपत्रिकांत ते सारखं दिसतं.

आता एप्रिल-मे महिन्यातल्या आपल्या विहिरीकडे चला. संत्र्याच्या बागेला पाणी द्यायचं आहे. सकाळी मोटर लावली तर धार आहे, पण तळ दिसायला लागला: ‘द वॉटर इज रनिंग लो’. आठवड्याने बागेतल्या निम्म्या झाडांनाच पुरलं: ‘वी आर रनिंग शॉर्ट ऑफ वॉटर’. मग द्यायला उरलंच नाही: ‘वी हॅव रन आउट ऑफ वॉटर’. विहीर कोरडी पडली: ‘द वेल हॅज रन ड्राय’. या चार पायऱ्यांत एकच क्रियापद आहे आणि प्रत्येक वाक्यात परिस्थिती वेगळी आहे. वर्गात मुलांकडून ही चार वाक्यं स्वतःच्या विहिरीबद्दल लिहून घेतली तर ती विसरत नाहीत, कारण त्या पायऱ्या त्यांनी वावरात डोळ्यांनी पाहिलेल्या असतात.

ड्राय रन: एक मोटरीचा, एक तालमीचा

इथे आपल्या भागातल्या मुलांची अडचण शहरातल्या मुलांपेक्षा वेगळी आहे. त्यांना ‘ड्राय रन’ आधीपासून माहीत असतो, पण दुसऱ्याच अर्थाने. पंपाच्या स्टार्टर पॅनेलवर हे शब्द असतात. विहिरीचं पाणी फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाइपच्या खालच्या टोकावरच्या झडपेच्या, खाली गेलं की पंप पाण्याविना फिरायला लागतो. मोटरीचा आवाज बदलतो, हलका आणि कर्कश होतो. पंपाच्या आतल्या भागांना थंड ठेवणारं आणि वंगण देणारं पाणीच नसल्याने सील तापून जातं, आणि वेळीच बंद केली नाही तर दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. म्हणून पॅनेलमध्ये ड्राय रन ओळखून मोटर बंद पाडणारी सोय असते. कास्तकाराच्या घरात ‘ड्राय रन’ म्हणजे नुकसान.

इंग्रजी उताऱ्यात मात्र हाच शब्द बहुधा ‘रंगीत तालीम’ या अर्थाने येतो. कोरोनाच्या लसीकरणाआधी 2 जानेवारी 2021 ला देशभर ड्राय रन झाला. महाराष्ट्रात त्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत नागपूर होतं. लस न टोचता नोंदणी, रांग, निरीक्षण कक्ष असं सगळं करून पाहिलं गेलं. ‘द स्टुडंट्स डिड अ ड्राय रन बिफोर द प्रोग्राम’ यात कुठलंही नुकसान नाही, उलट चांगली तयारी आहे. दोन्ही अर्थ खरे आहेत. शेजारी पंप आहे की कार्यक्रम, एवढं पाहिलं की पुरे.

अंगाची भाषा

नाक वाहतं त्याला ‘माय नोज इज रनिंग’ म्हणणं बरोबर. आजाराचं नाव म्हणून लिहायचं तर ‘रनी नोज’. ‘आय हॅव अ रनिंग नोज’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण परीक्षेत ‘रनी’च लिहा. ताप असेल तर ‘ही इज रनिंग अ फीव्हर’. त्यातला ‘अ’ गाळू नका. ‘द रन्स’ म्हणजे जुलाब. तो बोलीतला शब्द आहे, अर्जात लिहू नये.

‘रन्स इन द फॅमिली’ हा वाक्प्रचार मात्र अर्थ समजूनच वापरायला हवा. रक्ताच्या नात्यातून पिढ्यान् पिढ्या येणारी गोष्ट तो सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि तो आजार आईबापाकडून मुलाकडे जातो. तिथे ‘सिकलसेल रन्स इन फॅमिलीज’ अगदी चपखल. पण घरात दोघांना टीबी झाला म्हणून ‘टीबी रन्स इन द फॅमिली’ लिहिणं चूक, कारण टीबी संसर्गाने होतो. भाषेची ही चूक आरोग्याच्या गैरसमजापर्यंत जाते, म्हणून मी ती किरकोळ मानत नाही. गुणांसाठीही हा वाक्प्रचार चालतो: घरात आजोबा, बाप, नातू सगळेच भजनी असतील तर ‘म्युझिक रन्स इन द फॅमिली’.

मागचा छोटा शब्द बदलला की सगळंच बदलतं

‘आय रॅन इनटू माय मामा इन द बाजार’ म्हणजे मामा अचानक भेटला. ‘द बस रॅन इनटू अ ट्री’ म्हणजे बस झाडावर आदळली. माणूस माणसाला पायी भेटत असेल तर भेट, गाडी असेल तर धडक. ‘रन ओव्हर’ त्याहून जपून वापरा. ‘अ ट्रक रॅन ओव्हर अ डॉग’ म्हणजे ट्रकने कुत्र्याला चिरडलं. टिपणांवर घाईने नजर फिरवायची असेल तर ‘रन थ्रू द नोट्स’ म्हणा. ‘रन डाउन’चे तीन उपयोग नेहमी लागतात: बॅटरी उतरणं, एखाद्याची नालस्ती करणं, आणि मोडकळीला आलेली इमारत. ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणं. लग्नासाठी पळून गेले तर ‘रॅन अवे टुगेदर’.

‘इन द लाँग रन’ला ‘इन’च लागतो, ‘अ‍ॅट’ किंवा ‘ऑन’ नाही. अर्थ: पुढे जाऊन, शेवटी.

गिरणी आणि खाण

‘रन-ऑफ-द-मिल’ म्हणजे सर्वसाधारण, विशेष काही नसलेलं. मुलं त्याचं भाषांतर ‘गिरणीची धाव’ करतात. गिरणीतून निघालेला, प्रतवारी न केलेला माल, हा त्याचा जुना अर्थ. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 साली नागपुरात सुरू झाली. तेव्हापासून कापूस आणि गिरणी या गोष्टी विदर्भाला नवख्या नाहीत, त्यामुळे हा शब्द आपल्याला लवकर पटायला हवा. वणी, बल्लारपूर, उमरेडच्या बाजूची मुलं त्याचा सख्खा भाऊ ओळखतात: ‘रन-ऑफ-माइन’ कोळसा, म्हणजे खाणीतून निघाला तसाच, न निवडलेला. दोन्हीतला ‘रन’ एकाच अर्थाचा आहे.

रंग, निवडणूक आणि उपविजेते

आपला ‘रंग जातो’ हा शब्दप्रयोग दोन गोष्टी सांगतो, इंग्रजीत त्या वेगळ्या आहेत. धुताना लाल ओढणीचा रंग पांढऱ्या सदऱ्याला लागला तर ‘द कलर रॅन’. उन्हात वाळून वाळून फिका पडला तर ‘द कलर फेडेड’. ‘द कलर वेंट’ म्हणून दोन्ही मोकळे सोडू नका.

निवडणुकीला आपण उभे राहतो. ब्रिटिश इंग्रजीतही उमेदवार ‘स्टँड’ होतो, अमेरिकेत तो ‘रन’ करतो. त्यामुळे ‘ओबामा रॅन फॉर प्रेसिडेंट इन 2008’ म्हणजे ते अध्यक्षपदाची निवडणूक लढले. आपल्या सरपंचपदाबद्दल लिहिताना ‘माय अंकल इज कंटेस्टिंग द इलेक्शन’ हे भारतीय वर्तमानपत्री इंग्रजी सगळ्यात सुरक्षित. ‘स्टूड अप इन इलेक्शन’ लिहिलं तर काका फक्त खुर्चीवरून उठले असा अर्थ होतो.

‘रनर-अप’ म्हणजे उपविजेता. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 ला रणजी करंडक जिंकला. 2023-24 ला मुंबईकडून हरून विदर्भ ‘रनर्स-अप’ ठरला. अनेकवचनाचा ‘स’ पहिल्या शब्दाला लागतो. ‘रनर-अप्स’ चूक.

अडलं तर काय करायचं

उताऱ्यात ‘रन’ दिसला की आधी काय ‘रन’ होतंय ते शोधा. माणूस, यंत्र, पाणी, पैसा, रस्ता की संस्था? मग त्या जागी चालणे, चालवणे, वाहणे, जाणे, संपणे ही मराठी क्रियापदं लावून पाहा. बहुतेक वेळा एक बसतं. फोनवर अर्थ बघायचा असेल तर एकटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. एकट्या शब्दाला फोन बहुधा ‘धावणे’च सांगेल. वहीत लिहितानाही जोडीने लिहा: ‘रन अ शॉप’, ‘रन अ फीव्हर’, ‘रन आउट ऑफ डिझेल’.

रूपांकडेही लक्ष द्या: रन, रॅन, रन. ‘हॅज’ किंवा ‘हॅव’नंतर तिसरं रूप लागतं, म्हणून ‘हॅज रन’. ‘हॅज रॅन’ लिहिणाऱ्यांत चांगले हुशार विद्यार्थीही असतात.

आणि स्वतः निबंध किंवा अर्ज लिहिताना खात्री नसेल तर ‘रन’ बाजूला ठेवा. दुकानाला ‘मॅनेज’, यंत्राला ‘ऑपरेट’, पाण्याला ‘फ्लो’ चालतं. मार्क कापले जात नाहीत, आणि वाक्य वाचणाऱ्याला कळतं.