सेमी-हॉलो गिटार घ्यायची आहे? मग या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी नवी गिटार दाखवायला घरी येतं. चेरी रंगाचं रुंद धड, दोन्ही बाजूंना इंग्रजी एफच्या आकाराची भोकं आणि आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांची इच्छा पुरी झाल्याचं समाधान. ते समाधान मला चांगलं कळतं. गिब्सन कंपनीच्या ईएस-३३५ या सेमी-हॉलो, म्हणजे अर्ध्या पोकळ, गिटारसाठी मी स्वतः अकरा वर्षं पैसे बाजूला टाकले आहेत. म्हणूनच इतकी वाट बघून घेतलेली वस्तू एका चुकीपायी मनातून उतरताना पाहिली की वाईट वाटतं. या चुका टाळता येण्यासारख्या आहेत, पण लोक पुन्हा पुन्हा त्याच करतात.

एफ-होल दिसलं की सेमी-हॉलो, हा समज

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. एफ-होल पूर्ण पोकळ गिटारलाही असतात आणि सेमी-हॉलोलाही. भिंतीवर टांगल्या तर दोघी सख्ख्या बहिणी वाटतील. फरक आत आहे.

१९५८ साली गिब्सनने ईएस-३३५ आणली, तेव्हा तिच्या पोटात मधोमध मेपलचा लाकडी ठोकळा बसवला. यालाच सेंटर ब्लॉक म्हणतात. पिकअप (तारांचं कंपन टिपून अँपकडे पाठवणारा भाग) आणि ब्रिज (धडावर तारा टेकतात तो भाग) या ठोकळ्यावर येतात आणि फक्त दोन बाजूंचे पंख पोकळ राहतात. ही कल्पना त्याआधीची आहे. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास एका चौकोनी ओंडक्यावर तारा चढवल्या आणि दिसायला बरं म्हणून त्याला गिटारचे पंख जोडले. कारण तेव्हाही हेच होतं: पोकळ गिटार मोठ्या आवाजात घुमते. अँपचा आवाज गिटारच्या पातळ पाटीला हलवतो, पाटी तारांना हलवते, पिकअप ते पुन्हा अँपकडे पाठवतो आणि हे चक्र वाढतच जातं. ठोकळा पाटीला धरून ठेवतो, त्यामुळे हे चक्र बरंच उशिरा सुरू होतं.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने जुनी गिटार घेतली होती. जाहिरातीत ‘सेमी-हॉलो’ लिहिलेलं, फोटो सुंदर, किंमत परवडणारी. मला न दाखवता घेतली, कारण दुसरा गिऱ्हाईक येईल अशी भीती होती. घरी छोट्या अँपवर तिचा आवाज इतका गोड लागला की तो आठवडाभर झोपला नाही. मग पुण्यात एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात तो वाजवायला उभा राहिला. अँप त्याच्या पाठीमागे हातभरावर, शेजारी ड्रम. दुसऱ्या गाण्यात सोलोसाठी त्याने आवाज फाडणारं ओव्हरड्राइव्हचं पेडल दाबलं आणि खालच्या तारांमधून जो भोंगा सुरू झाला, तो थांबेचना. पोरगं तळहाताने तारा दाबतंय, आवाज तरीही चढतोय, गायिका मागे वळून बघतेय. शेवटी त्याने व्हॉल्यूम शून्यावर नेला आणि उरलेलं गाणं गिटारशिवाय संपलं.

मध्यंतरात मी मागे गेलो. मोबाइलचा टॉर्च एका एफ-होलमध्ये धरला, तर उजेड दुसऱ्या एफ-होलमधून सरळ बाहेर. आत ठोकळा नव्हताच. केटरिंगवाल्यांकडून कापडी नॅपकिन मागून घेतले आणि दोन्ही भोकांत नीट कोंबले. ही युक्ती माझी नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग स्टेजवर आपल्या गिटारच्या एफ-होलमध्ये कापड भरायचे आणि पुढे १९८० साली गिब्सनने त्यांच्या नावाचं ‘ल्युसिल’ मॉडेल काढलं, ते एफ-होलशिवायच. मग अँप बाजूला सरकवला, बेस कमी केला, पेडलला हात लावायचा नाही असं बजावलं. दुसरा भाग निभावला.

गिटार वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. एपिफोन कसिनो पूर्ण पोकळच आहे आणि बीटल्सच्या तिघांनी ती वाजवली. घरी, रेकॉर्डिंगला, हलक्या आवाजाच्या कार्यक्रमाला तिच्यासारखी हवेशीर गिटार दुसरी नाही. पण त्या मुलाला रॉक बँडमध्ये उभं राहायचं होतं. त्याच्या कामाला ती नव्हती.

त्यामुळे दुकानात किंवा कुणाच्या घरी गिटार बघायला जाल, तेव्हा टॉर्च लावा. आत डोकावल्यावर दोन बोटांवर लाकडाची भिंत दिसली तर ठोकळा आहे. आरपार मोकळं दिसलं तर ती पूर्ण पोकळ. ऑनलाइन घेताना मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. आयबानेझच्या आर्टकोर मालिकेत एएस७३ सेमी-हॉलो आणि एएफ७५ पूर्ण पोकळ. एका अक्षराचा फरक! ग्रेच कंपनीच्या गिटारमध्ये ‘सेंटर ब्लॉक’ असे शब्द आहेत का ते बघा.

हेडस्टॉकवरच्या (गिटारच्या डोक्यावरच्या) नावाला पैसे देणं

नव्या ईएस-३३५ ची किंमत लाखांत असते. ती कुणी तीस-चाळीस हजारांत देत असेल, तर ती ईएस-३३५ नाही. घासाघीस करायला जाऊच नका. ट्रस रॉड म्हणजे मानेचा बाक जुळवणारी आतली सळई; तिच्या झाकणाला गिब्सन दोन स्क्रू लावतं, नकली गिटारवर बऱ्याचदा तीन दिसतात. एपिफोन मात्र नकली नव्हे, १९५७ पासून ती गिब्सनच्याच घरातली आहे. आयबानेझ किंवा एपिफोनची बरी सेमी-हॉलो घेऊन तिचा सेटअप, म्हणजे तारा, मान, उंची यांची जुळवणी, चांगल्या हातून करून घेतला, तर ती न जुळवलेल्या महाग गिटारपेक्षा सुखाने वाजते. मी दोन्ही वापरल्या आहेत.

जुनी गिब्सन बघत असाल तर नटच्या (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) मागे, जिथे मान आणि डोकं जुळतं, तिथे तिरक्या उजेडात पॉलिशवर केसाएवढी रेघ आहे का बघा. या गिटारचं डोकं मागे कललेलं असतं आणि पडली की तिथेच मोडते. दुरुस्ती पक्की असेल तर घ्यायला हरकत नाही, पण मग भाव तसा हवा.

सेटअपच्या आधी पिकअप बदलणं

नव्या शिकणाऱ्यांची ही घाई मला अजिबात पटत नाही. गिटार येऊन पंधरा दिवस झाले नाहीत, की ‘पिकअप कोणते टाकू?’ अरे, आधी तारा बदल, ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) बघ, पिकअपची उंची स्क्रूने वर-खाली करून ऐक. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. माझा नियम सहा महिन्यांचा आहे. तोवर आत हात घालायचा नाही.

कारण सेमी-हॉलोच्या पोटातलं काम सोप्या गिटारसारखं नसतं. स्ट्रॅटोकास्टरला वरचं प्लास्टिक उघडलं की सगळं समोर येतं. इथे बहुतेक वेळा मागे झाकणच नसतं. चार पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या बटणांचे आतले भाग), स्विच, वायर खोचायचा जॅक, सगळं त्या अरुंद एफ-होलमधून आत न्यायचं आणि आपापल्या भोकात वर काढायचं.

आमच्याच सोसायटीतला एक तरुण रात्री अकराला व्हिडिओ बघून बसला. पॉट आवळणारे सगळे नट काढले, पॉट आत पडले, ते बाहेर ओढले, नवे पिकअप जोडलेही. मग परत बसवता येईना. पहाटेपर्यंत तारेच्या आकड्याने ओढाताण केली, त्यात एफ-होलच्या कडेचा पापुद्रा निघाला आणि आतल्या दोन वायरी सोल्डरपासून तुटल्या. सकाळी गिटार चादरीत गुंडाळून आणि वॉशर एका वाटीत घेऊन दारात उभा. त्याला बोलायचं नाही असं ठरवलं, पण बोललोच.

माझा पूर्ण रविवार गेला. पद्धत सांगतो. नट काढण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला पक्का दोरा बांधायचा, आणि दोऱ्याचं दुसरं टोक गिटारच्या भोकाबाहेर चिकटपट्टीने लावून ठेवायचं. त्याने दोरा बांधलाच नव्हता, म्हणून माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक बारीक नळी आणली. नळी पॉटच्या भोकातून आत सोडायची, एफ-होलमधून बाहेर काढायची, पॉटच्या दांड्यावर घट्ट चढवायची आणि हळूच मागे ओढायची. दांडा आपोआप आपल्या भोकात वर येतो. एफ-होलच्या कडांना आधीच मास्किंग टेप लावायची. एकेक पॉट, घाई न करता. चौथा बसला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

याच जातीची छोटी चूक म्हणजे सैल जॅक. ३३५ च्या घाटाच्या गिटारमध्ये जॅक वरच्या पाटीवर असतो. नट सैल होतो आणि लोक पान्याने तो फिरवत सुटतात. आत जॅकही फिरतो, वायरी पिळल्या जातात आणि एक दिवस आवाज बंद. आतला जॅक फिरू नये म्हणून भोकात जाडसर काडी घट्ट अडकवून धरा, मगच नट आवळा. जॅक आत पडलाच तर तीच नळीची युक्ती.

ट्यूनिंग टिकत नाही म्हणून नव्या खुंट्या

दहातल्या आठ वेळा दोष नटचा, म्हणजे मानेच्या टोकाच्या त्या खाचांच्या पट्टीचा असतो. तार नटच्या खाचेतून तिरकी वळून खुंटीकडे जाते आणि खाचेत अडकते. ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज आला की समजा. खाचेत शिसपेन्सिलीचं टोक घासा. तरीही अडकली तर खाच कारागिराकडून रुंद करून घ्या. तुम्ही कानस घेऊ नका.

पावसाळ्यात ट्रस रॉडशी खेळणं

धड प्लायसारखं थर चिकटवलेलं असल्याने फारसं हलत नाही, मान मात्र हलते. मुंबई-कोकणात जूनमध्ये ॲक्शन बदलली तर घाबरू नका. पहिला फ्रेट आणि धडाजवळचा शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास असली तर पुरे. जास्त वाटली तर ट्रस रॉडला पाव फेरा, आणि मग रात्रभर थांबा. एका बैठकीत दोन फेरे देणाऱ्यांच्या माना मी पाहिल्या आहेत.

राहिलेल्या गोष्टी

सगळे पैसे गिटारमध्ये घालून अँप कुठलातरी घेऊ नका.

साधी इलेक्ट्रिक गिटारची बॅग घेऊ नका, धड सोळा इंच रुंद असतं, ते मावत नाही. लोकलने जात असाल तर हार्ड केसच.

नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) पॉलिश असलेली गिटार रबरी स्टँडवर ठेवू नका, पॉलिश विरघळून डाग पडतो. माझ्या ३३५ च्या पाठीवर असा एक डाग आहे. तेव्हापासून मी स्टँडच्या दोन्ही हातांवर जुन्या सुती धोतराचं कापड गुंडाळून ठेवतो.