भातानंतर गहू घ्यायचाय? ठाणे जिल्ह्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सल्ला

शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे भाताची झोडणी उरकली की विहिरीला पाणी आहे म्हणून दहा-वीस गुंठ्यांत गहू टाकावा, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. टाकायला हरकत नाही. फक्त या गव्हाचा निम्मा निकाल जूनमध्ये, भाताचं वाण निवडताना लागलेला असतो. कर्जत-३, कर्जत-७ अशी हळवी भातं ११५ ते १२० दिवसांत निघतात आणि रान ऑक्टोबरात मोकळं होतं. गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भाताच्या खाचरात कापणी, वाळवण आणि वाफसा (मशागतीजोगी ओल) यांतच नोव्हेंबर संपतो.

बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी १ ते १५ नोव्हेंबर. पुढे दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलांची घट धरतात आणि १५ डिसेंबरनंतर पेरूच नये असं सांगतात. हा हिशेब देशावरचा. आपल्याकडे थंडी उशिरा येते, कमी पडते आणि लवकर पळते. फुलोऱ्यानंतर दाणा भरत असताना पारा ३० अंशांच्या वर राहिला, तर दाणा भरायचे दिवसच कमी होतात आणि पोत्यात चिमलेला गहू येतो. तेव्हा नाशिककडच्या निफाडचा उतारा इथे धरू नये. नोव्हेंबरअखेर पेर होणार नसेल किंवा फेब्रुवारीपर्यंत पाण्याची खात्री नसेल, तर खाचरातल्या ओलीवर कडवे वाल किंवा हरभरा टाकावा. त्यात खर्च कमी आणि वालाच्या शेंगेला ठाणे, कल्याण, वाशीत गिऱ्हाईक हमखास.

दिवा, ऐरोली, भिवंडी खाडीच्या बाजूच्या खार जमिनीत गहू नकोच. पाऊस थांबला की खालचा क्षार ओलाव्याबरोबर वर येतो आणि तो धुवायला गोडं पाणी नसतं. माळाच्या उथळ वरकस जमिनीतही तेच. दोन पाण्यांच्या मध्ये पीक करपतं.

वाण निवडताना उष्णता आणि तांबेरा (पानांवर तांबूस पूड धरणारा रोग) या दोनच गोष्टी आधी बघा. राहुरी विद्यापीठाचं निफाडचं गहू संशोधन केंद्र या कामासाठीच ओळखलं जातं. तिथला फुले समाधान (एनआयएडब्ल्यू १९९४) वेळेवर आणि उशिरा, दोन्ही पेरण्यांना चालतो, म्हणून भातामागे पहिली पसंती त्याला द्यावी. जुना एनआयएडब्ल्यू ३४ खास उशिराच्या पेरणीचा. दोनच पाणी देता येणार असेल तर नेत्रावती. खपलीला नवी मुंबईत भाव चांगला मिळतो, पण मळणीत तिची साल सुटत नाही. जवळपास खपली कांडून देणारी गिरणी आहे का, हे आधी विचारून घ्या.

आता मुख्य अडचण, म्हणजे खाचर. चिखलणीमुळे खाली घट्ट थर बसलेला असतो. वर ओल जास्त असताना नांगर घातला तर ढेकळं निघतात आणि ती पुढे फुटत नाहीत. मुठीत माती दाबा. लाडू होऊन बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आला. मग एक नांगरट, दोन कुळवाच्या पाळ्या आणि पाणी निघायला बांधाकडेने चर.

बी चार ते पाच सेंटिमीटरवर पडलं पाहिजे. भाताच्या रानात ओल खाली गेली म्हणून लोक बी खोल घालतात आणि उगवण विरळ होते. कारण वाणातच आहे. हरितक्रांतीपासूनच्या बुटक्या गव्हांत नोरिन-१० या जपानी वाणातून आलेला बुटकेपणा आहे. त्याने पीक लोळत नाही, खत मानवतं. पण कोंब झाकून वर आणणारं आवरणही आखूड होतं. सहा-सात सेंटिमीटरच्या खाली गेलेला दाणा उगवतो आणि मातीतच वाकडा होऊन मरतो. रान कोरडं वाटलं तर आधी हलकं पाणी देऊन वाफशावर पेरा.

दहा गुंठ्यांना उशिराच्या पेरणीत साडेबारा किलो बी, दोन ओळींत १८ सेंटिमीटर. उशिरा पेरलेल्या गव्हाला फुटवे कमी येतात, म्हणून बी जास्त आणि ओळ जवळ. किलोला ३ ग्रॅम थायरम चोळा. नंतर १० किलो बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत प्रत्येकी २५० ग्रॅम लावून सावलीत सुकवा. पेरताना १०:२६:२६ हे मिश्र खत पंधरा किलो आणि युरिया साडेपाच किलो. तीन आठवड्यांनी खुरपणी करून युरिया साडेआठ किलो.

पाणी चार-पाच वेळा देता आलं तर उत्तम. कमी असेल तर असं वाटा: तीनच असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी, दोन असतील तर पहिलं आणि शेवटचं. विसाव्या दिवशी एक रोप उपटून बघा. जमिनीच्या लगत, दाण्याच्या बरंच वर, पांढऱ्या जाड मुळ्यांचे कोंब दिसतील. फुटवे आणि पुढची सगळी तहान त्यांच्यावर असते, म्हणून हे पाणी चुकवू नये. मात्र खाचर तुंबवून भातासारखं पाणी उभं करू नका. दोन दिवसांत पात पिवळी पडते. ५५ आणि ७० दिवसांनी १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम १९:१९:१९ हे विरघळणारं खत फवारलं तर उन्हाच्या तडाख्यात दाणा थोडा सावरतो.

कोणी फारसं सांगत नाही अशी एक गोष्ट: भात निघालं की गावची गुरं मोकळी सुटतात. शिवारात एकट्याचाच हिरवा तुकडा असेल तर गुरं, उंदीर आणि ओंबी दुधात आली की पाखरं, सगळी तिथेच येतात. चार शेजाऱ्यांनी लागून पेरलं तर राखण वाटून घेता येते. एकट्याने करायचं तर कुंपणाचा खर्च आधी धरा.

गहू स्वपरागित पीक असल्याने घरचं बी तीन वर्षं चालतं. ओंब्या आल्यावर वेगळ्या उंचीची, वेगळ्या कुसळांची झाडं उपटून टाका आणि बी मधल्या पट्ट्यातून राखा. कडक उन्हात दाणा दाताखाली कट्‌कन तुटेपर्यंत वाळवून हवाबंद पत्र्याच्या डब्यात भरा. गोणीत ठेवलेलं बी आपल्या पावसाळ्यात ओल धरतं आणि ऑक्टोबरपर्यंत किडतं. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. आठवड्याभरात ८५ उगवले तर ठीक. ७०-७५ असतील तर त्या मानाने बी वाढवा, त्याहून कमी असेल तर निळ्या लेबलची प्रमाणित पिशवी आणा.