पॅरिसमध्ये जेवायला बाहेर पडताना
पॅरिसमध्ये एकच जेवण बाहेर घ्यायचं असेल तर ते दुपारचं घ्या. बऱ्याच बिस्त्रोंमध्ये, म्हणजे छोट्या साध्या रेस्टॉरंटांमध्ये, दुपारी ‘फॉर्म्युल’ असतो: स्टार्टर आणि मुख्य पदार्थ, किंवा मुख्य पदार्थ आणि गोड, ठरलेल्या दरात. दाराबाहेरच्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलेला दिसेल. रात्री तिथेच खिसा बराच हलका होतो. मात्र दीडच्या आत पोचा. दोन-अडीचनंतर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर थेट सातलाच उघडतं.

पाणी हवं तर ‘काराफ दो’ मागा. नळाचं पाणी सुरईत भरून येतं, फुकट. नुसतं पाणी म्हणालात तर बाटली येऊ शकते आणि ती बिलात चढते. सर्व्हिस दरातच धरलेली असते. टिपेची सक्ती नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही, ताटकळू नका.

शाकाहारी मंडळींनी कांद्याच्या सूपला भुलू नये, ते बहुधा बीफच्या स्टॉकमध्ये शिजवतात. मेन्यूवर ‘लार्दों’ दिसलं तर ते डुकराच्या मांसाचे परतलेले बारीक तुकडे. बकरीच्या चीजचं गरम सॅलड झकास लागतं, पण ‘सां लार्दों’ (लार्दों नको) असं आधीच बजावा. नाहीतर वेचत बसाल.