शांघायला निघताय? कार्ड घरीच जोडून निघा

पासपोर्ट, व्हिसा, औषधं, विमा हे तुम्ही करालच, त्यात मी वेळ घालवत नाही. पहिलं काम अलीपेचं, म्हणजे चीनमध्ये फोनवरून पैसे द्यायच्या अ‍ॅपचं. ते फोनमध्ये घ्या, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड त्याला घरी बसून जोडा. मी गेल्या खेपेला हे ‘तिकडे पोचल्यावर करू’ म्हणून ठेवलं होतं. रात्री पुदोंग विमानतळाच्या मेट्रो स्टेशनात कार्डाचा नंबर घातला, ओटीपीचे सहा रिकामे चौकोन समोर आले, बाजूचा आकडा साठपासून उतरत शून्यावर गेला, आणि मेसेज आलाच नाही. ओटीपी येतो भारतातल्या नंबरवर, आणि मी सिमवर रोमिंग चालूच केलं नव्हतं. तीन-चार वेळा तेच. आई बॅगांना टेकून बसलेली, मेट्रो बंद व्हायची वेळ होत आलेली. शेवटी रोख पैसे देऊन टॅक्सी केली, पावणेदोनशे युआन गेले. मेट्रोने माणशी दहाच्या आत झालं असतं.

म्हणून क्रमाने करा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड परदेशासाठी बंदच येतं. मग कार्ड अलीपेला जोडा. मग दुसरं कार्ड वीचॅट या तशाच दुसऱ्या अ‍ॅपला जोडा, एक अडलं तर दुसरं हवं. मग भारतीय सिमचं रोमिंग सुरू करा, कारण तिथे पुन्हा कधी ओटीपी मागेल सांगता येत नाही. यूपीआय तिथे चालत नाही. परदेशी कार्डावर 200 युआनपर्यंतच्या खरेदीला अलीपे शुल्क घेत नाही, त्यावर 3 टक्के लागतात. दहा-वीसच्या थोड्या नोटाही ठेवा. रोख नाकारत नाहीत, पण शंभराचे सुटे मिळताना तारांबळ उडते.

रोमिंगचा दुसरा फायदा: गूगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप चीनमधल्या इंटरनेटवर बंद असतात, हॉटेलच्या वायफायवरही. भारतीय रोमिंगवर किंवा इथून घेतलेल्या प्रवासी ई-सिमवर साधारणपणे चालतात. गूगलचा नकाशा मात्र चालला तरी भरवशाचा धरू नका, तिथे तो जुना आहे आणि खूण रस्त्यापासून सरकलेली दिसते. अ‍ॅमॅप हे तिथलं नकाशाचं अ‍ॅप घ्या, त्यात इंग्रजी आहे. आयफोनवाल्यांना अ‍ॅपलचा नकाशा पुरतो.

हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन चिनी अक्षरांत कागदावर छापून घ्या. माझ्या टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता वाचता आला नाही, त्याने हॉटेलला फोन लावला तेव्हा गाडी हलली. दीदी टॅक्सी अलीपेतूनच बोलावता येते, म्हणजे पुन्हा तेच, कार्ड जोडलेलं हवं.

आता मेट्रो. अलीपेत शांघायचा प्रवासाचा कोड आधी काढून ठेवा. आत जाताना आणि बाहेर पडतानाही तोच दाखवायचा. एका कोडवर एकच माणूस, त्यामुळे बरोबर आईवडील असतील तर त्यांच्या फोनवरही कोड हवा, नाहीतर मशीनवर तिकीट काढा. भाडं 3 युआनपासून. प्रत्येक स्टेशनात बॅग तपासतात, पाच मिनिटं जास्तीची धरा. उतरायचं स्टेशन लिहून घेताना बाहेर पडायच्या दाराचा नंबरही लिहा. पीपल्स स्क्वेअरसारख्या ठिकाणी चुकीच्या दाराने वर आलात की चारपदरी रस्त्याच्या पलीकडे उभे असता. चार शब्द पाठ करा: दोंग पूर्व, शी पश्चिम, नान दक्षिण, बेइ उत्तर. लू म्हणजे रस्ता. नानजिंग दोंग लू आणि नानजिंग शी लू एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत, स्टेशनं वेगळी.

रस्ता ओलांडताना सावध राहा, आईला मी हाताला धरूनच नेत होतो. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं. तुमचा सिग्नल हिरवा असतानाही उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येतात. विजेच्या स्कूटर आवाज न करता अगदी कोपराजवळून जातात, कधी फुटपाथवरूनही. मुलांना हे निघायच्या आधी सांगा.

हुआंगपू नदी ओलांडायला साधी फेरीबोट 2 युआनात मिळते. नदीवरचा वारा आणि दोन्ही काठ बघायला तीच घ्या.

बाहेरगावी रेल्वेने जायचं तर स्टेशनचं पूर्ण नाव बघा. शांघाय, शांघाय होंगछ्याव आणि शांघाय साउथ ही तीन वेगळी स्टेशनं आहेत. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, तिकीट त्यावरच असतं. देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकेवर 3सीची, म्हणजे चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची, खूण हवी. 28 जून 2025 पासून त्याशिवाय नेऊ देत नाहीत. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, सगळा देश सुटीवर असतो.

परतताना विमानतळ होंगछ्याव की पुदोंग ते तिकिटावर बघा. पुदोंगला लोंगयांग रोड स्टेशनहून मॅगलेव्ह, म्हणजे चुंबकावर धावणारी रेल्वे, आठेक मिनिटांत नेते. रात्री उशिराचं विमान असेल तर टॅक्सी.

आणि कार्ड. आज संध्याकाळी बसा, जोडा, ओटीपी येतो का बघा.