सोलापुरात भिंत रंगवायला उतरताना

भित्तिचित्रांच्या कामात येऊ पाहणारी मुलंमुली मला विचारतात, "ताई, पहिली मोठी भिंत कशी मिळवायची?" मोठ्या भिंतीची घाई करू नका. आपल्याकडे सुरुवात होते ती जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या 'बोलक्या भिंतीं'पासून. पाढे, बाराखडी, महाराष्ट्राचा नकाशा, ऋतू. नाहीतर स्वच्छ सर्वेक्षणाच्या दिवसांत कंपाउंडवर रंगवायच्या घोषणा आणि झाडं. ही कामं मन लावून करा. दुसरीतल्या मुलाची नजर भिंतीवर कुठे पोहोचते आणि उन्हात कोणतं अक्षर वाचता येतं, हे तिथेच कळतं.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा द्या. बारावीनंतर चार वर्षांच्या बीएफए या चित्रकलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते. पदवी नसेल तरी काम अडत नाही, हात आणि चिकाटी नसेल तर मात्र अडतं. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. लहान चित्र प्रचंड आकारात नेण्याची तालीम त्याहून कडक कुठे मिळणार?

लहानाचं मोठं करणं हाच या कामाचा कणा आहे, आणि सोलापूरकरांना तो मुळातून ठाऊक आहे. कागदावर इंचाइंचाच्या चौकटी आखायच्या आणि भिंतीवर फुटाफुटाच्या. उभ्या रेघेसाठी ओळंबा सोडायचा, लांब रेघेसाठी निळीत बुडवलेली दोरी ताणून फटकारायची. मग एकेका चौकटीत जेवढं दिसतं तेवढंच उतरवत जायचं. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीतल्या एका गल्लीत मी अशी आखणी करत होते, तेव्हा मागावर उभं आयुष्य काढलेले एक मामा बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, "पोरी, हे तर आमचं ग्राफचं काम." खरंच आहे. जेकार्ड चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट. त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडतात, आणि भोक असेल तिथला उभा धागा मागावर उचलला जातो. त्या मामांनी माझ्या आखणीवर बोट ठेवून सांगितलं की फुलाच्या पाकळीची कड पायऱ्यापायऱ्यांची ठेव, गोल नको, म्हणजे ती चादरीतली वाटेल. मी तशीच ठेवली. त्या गल्लीतल्या बायकांनी ते फूल लांबूनच ओळखलं.

म्हणून माझं ठाम मत आहे की विषय घरी बसून ठरवू नये. सोलापूर म्हटलं की चादर, तलाव आणि सिद्धेश्वराचं मंदिर एवढंच सुचतं. ते वाईट नाही, पण प्रत्येक गल्लीचं स्वतःचं काहीतरी असतं. बिडी वळणाऱ्या मावशींच्या शेजारी बसलात तर मांडीवरचं सूप कसं तिरकं असतं, पान कापताना कात्री कशी फिरते, हे दिसेल. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात. ते पेलणाऱ्या माणसाची मान, कंबर आणि पावलं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काढू नका. शहर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. भिंतीवर मजकूर लिहायचा असेल तर तिथले लोक वाचतात ती लिपी घ्या आणि रंग लावण्याआधी अक्षरं त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं चित्र काढायची वेळ आली तर जास्त जपा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याआधी मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला होता. चौघांच्या घरांचे धर्म आणि जाती वेगवेगळ्या, म्हणून चौघांचे चेहरे एकाच मापाचे, एकाच उंचीवर हवेत. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. आणि ते अशा भिंतीवर हवेत जिच्या पायथ्याशी कोणी थुंकत नाही. लोकांनी घाण करू नये म्हणून देवांची चित्रं लावायची पद्धत मला मुळीच पटत नाही. चित्राला राखणदार करू नये.

आता भिंत. हातात ब्रश घेण्याआधी तिला हात लावून बघा. हाताला पांढरं लागलं तर जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे, तो खरवडून काढावाच लागतो. नाहीतर वर्षभरात तुमच्या रंगाचे पोपडे पडतील. खाली लोणा, म्हणजे ओलीने वर येणारा पांढरा क्षार धरला असेल तर ओल कुठून येते ते शोधा, गळका पाइप आधी दुरुस्त करून घ्या. नव्या गिलाव्याला सुकायला चार आठवडे द्या. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि ॲक्रिलिक एक्स्टीरियर इमल्शन. रंगाच्या दोन हातांना एक लिटर साधारण ५० ते ६० चौरस फूट पुरतं, खडबडीत भिंतीला त्याहून कमी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो, तेव्हा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर काम करा. पश्चिमेच्या भिंतीवर भडक गुलाबी आणि जांभळे रंग आधी उडतात. गेरू, पिवळी माती, काव यांच्या जातीचे लोहाचे रंग उन्हाला जास्त टिकतात. अजिंठ्यात बहुतेक रंग माती-दगडांचेच आहेत, निळ्यासाठी मात्र बाहेरून आणलेला लाजवर्द हा निळा दगड वापरला होता. परांची भक्कम असावी आणि तिचा खर्च मजुरीत मिसळू नये, वेगळा लिहून घ्यावा.

परवानगी लेखीच घ्या. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्याला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे, आणि मालकाने "काढा हो" असं तोंडी म्हटलेलं नंतर कामाला येत नाही.

तुमचाही हक्क असतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं. ते न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत द्यायला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. कलाकाराचा आपल्या कृतीवरचा हक्क जपणारं कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम त्याच्या मुळाशी आहे. करारात तुमचं नाव भिंतीवर कुठे येईल, डागडुजी कोण करेल आणि भिंत पाडायची झाली तर आधी किती दिवस कळवतील, या तीन ओळी घालून घ्या. काम संपल्यावर रस्त्याच्या पलीकडून भिंतीचा तारखेसह पूर्ण फोटो काढून ठेवा.